रक्ताची दुसरी नळी

डॉक्टर मनाली इंगळेंच्या दवाखान्यात अर्पिताचं रक्त घेताना प्रेम शेळकेने दोन नळ्या भरल्या. एवढं रक्त कशाला, असं तिच्या मनात आलं, पण तिने विचारलं नाही. प्रेम हा तिच्या नवऱ्याचा, सागरचा, कॉलेजातला दोस्त. मोठ्या शहरातल्या एका लॅबसाठी तो बुलढाणा जिल्हाभर फिरून नमुने गोळा करायचा. पांढरी गाडी, मागच्या सीटवर बर्फाचा डबा, बोटात दोन अंगठ्या.

"वहिनी, मूठ घट्ट आवळा," तो म्हणाला आणि सागरकडे बघून हसला. सागरही हसला. दोस्तादोस्तांतलं काहीतरी असेल, असं समजून तिने मान फिरवली.

अर्पिता छत्तीस वर्षांची होती. आर्वी नावाची नऊ वर्षांची मुलगी होती तिला. दोन वर्षांपूर्वी एकदा दिवस राहिले होते आणि चौथ्या महिन्यात गर्भ पडला होता. म्हणून या वेळी ती स्वतःच हट्ट करून देऊळगाव राजाकडच्या आपल्या गावाहून थेट बुलढाण्याला, डॉक्टर मनालींकडे आली होती. डॉक्टरांनी वय बघून ही रक्ताची तपासणी सुचवली.

"आईच्या रक्तात बाळाच्या वारेतून आलेले अगदी बारीक अंश फिरत असतात," डॉक्टरांनी तिला समजावलं होतं. "त्यावरून बाळात एखादं गुणसूत्र जास्तीचं आहे का, याचा अंदाज येतो. मुलगा की मुलगी, ते यात सांगत नाहीत. कायद्याने बंदी आहे. आणि अर्पिताताई, ही चाळणी आहे. चाळणीवर राहिलेला प्रत्येक दाणा खडाच असतो, असं नाही. काही निघालं तर पुढची पक्की तपासणी करायची. तोवर काही ठरवायचं नाही."

सागर त्या वेळी मोबाइल चाळत बसला होता.

दोन आठवड्यांनी, एका गुरुवारी, रिपोर्ट आला. एकवीस नंबरच्या गुणसूत्रापुढे लाल अक्षरात 'धोका अधिक' असं होतं. डॉक्टरांनी आधी दार लोटून घेतलं.

"डाऊन सिंड्रोम म्हणतात याला. तुमच्या वयात असा रिपोर्ट आला, तर दहापैकी आठ-नऊ वेळा तो खरा निघतो. खोटी आशा मी दाखवणार नाही. पण एक-दोनदा चुकतोही. सोळा आठवडे झाले की पोटातून सुईने थोडं गर्भजल काढून तपासतात, त्यात नक्की कळतं. ते संभाजीनगरला होईल."

"अन् खरं निघालं तं?" अर्पिताने विचारलं.

"तर अशा मुलाला शिकायला वेळ लागतो. हृदयात दोष असू शकतो. काही मुलं बरंच काही करतात, काहींना कायम आधार लागतो. ठेवायचं म्हणालात तरी मी आहे, नाही म्हणालात तरी आहे. पण ठरवायचं तुम्ही."

परतीच्या वाटेवर चिखली मागे पडली. सागर म्हणाला, "मले तं कळूनच नाई राह्यलं, आपल्याच वाट्याले हे काऊन."

अर्पितालाही कळत नव्हतं.

सासरे अर्जुनराव शेडनेटमध्ये होते. दोन एकरांवर हिरव्या जाळीखाली मिरची आणि टमाटं. कंपनीसाठी बियाणं काढायचं. रोज सकाळी बायका चिमट्याने एकेका कळीतला नरभाग उपटून टाकत आणि दुसऱ्या ओळीतल्या झाडाचा पराग बोटाने लावत. त्या कामात अर्पिताचा हात सगळ्यांत हलका होता. अर्जुनरावांनी रिपोर्टची हकिगत उभ्याउभ्या ऐकली, हातावरची माती झटकली.

"लॉटचं सँपल फेल झालं तं आपण काय करतो?" ते सागरला म्हणाले. अर्पिताकडे त्यांनी पाहिलंही नाही. "उपटतो अन् जाळतो. रडत बसतो का? मंगळवारी पाडाले घेऊन जाय तिले. मी ओळखीच्या दवाखान्यात फोन करतो."

"बाबा, डॉक्टर म्हणल्या का आधी सुईची तपासणी..." अर्पिता बोलू लागली.

"डॉक्टरले काय, तिचा धंदा हाये. एक झाली का दुसरी तपासणी."

घरी सासूने, कौशल्याबाईंनी, आणखी एक गोष्ट केली. महिनाभरापासून त्या अर्पिताला रोज सकाळी खारीक-खोबऱ्याचा एक लाडू द्यायच्या. शुक्रवारी सकाळी लाडवाचा डबा वरच्या फळीवर गेला. "आता कशाले वाया घालवाचा," त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, उरलेली भाजी गायीला घालावी तशा.

'वाया' हा शब्द अर्पिताला लागला. पण राग पूर्ण सासूवर काढावा, इतकी ती स्वतःबद्दल निश्चिंत नव्हती. तिलाही भीती वाटत होती. तिच्या माहेरी, मलकापूरला, रेल्वे लाइनच्या पलीकडे कापसाच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा होता, गोविंदा. चपटं नाक, बारीक तिरपे डोळे, जाड जीभ. चाळिशीचा झाला तरी दुकानाच्या पायरीवर बसून सुतळीची गुंडाळी करायचा. शाळेतून येताना पोरं त्याला चिडवायची, आणि त्यात अर्पिताही असायची. एकदा तिने त्याच्या हातातली गुंडाळी ओढून नालीत फेकली होती. तो रडला नव्हता. नालीत उतरून त्याने ती काढली, धुतली आणि परत गुंडाळायला बसला. शनिवारी, रविवारी मिरचीच्या कळ्या फोडताना तिला सारखा तो दिसत राहिला. आपण तेव्हा हसलो होतो, हे आठवलं की तिला स्वतःच्याच तोंडाची शिसारी येई.

मंगळवारी जायचं, हे घरात ठरून गेलं होतं. तिला फक्त एवढंच हवं होतं की आधी नक्की काय ते कळावं. ते मागायलाही तिला जागा सापडत नव्हती.

सोमवारी संध्याकाळी, दिवेलागणीला, ती भाकरी थापत असताना कौशल्याबाई आत आल्या. त्यांनी फळीवरचा डबा खाली घेतला, दोन लाडू ताटलीत ठेवले आणि ताटली तिच्यासमोर सरकवली.

"खाय व. दोन्ही खाय. आंगात ताकद पाह्यजे."

अर्पिता बघतच राहिली. तेवढ्यात बाहेरून अर्जुनरावांचा आवाज आला. इतका मोकळा आवाज तिने चार दिवसांत ऐकला नव्हता.

"उद्या कुठी जाचं नाई! मी सांगून देलं त्यायले. अरे, ते मशीनचं काम. चाळणीवर राह्यलेला एकूणएक दाणा खडाच असते का? पक्की तपासणी करू. संभाजीनगरले नाई तं मुंबईले नेऊ."

डॉक्टर मनालींचं वाक्य होतं ते. घरी आल्यावर अर्पिताने तेही सांगितलं होतं आणि तेव्हा कोणी कान दिला नव्हता. आज तेच वाक्य सासऱ्यांच्या तोंडून, जणू त्यांच्याच शेतात पिकल्यासारखं येत होतं.

तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती आतल्या खोलीत गेली. सागर पलंगावर बसला होता. त्याचा चेहरा उजळला होता.

"काय झालं?" तिने विचारलं. "अचानक कसं काय बदललं सगळं?"

"अगं, खुशखबर हाये." त्याने आवाज उतरवला. "कोणाले सांगू नको. प्रेमनं त्या दिवशी दुसरी नळी भरली होती ना, ती बाहेरच्या देशात पाठवली होती. तिकडं सांगतात." आणि त्याने मोबाइल तिच्या हातात दिला. "हे पाय."

प्रेमचा निरोप होता. एकच शब्द. 'हरभरा.'

"हरभरा म्हणजे?"

"म्हणजे पोरगा, येडे!" सागर हसला.

खोबऱ्याचा, तुपाचा वास स्वयंपाकघरातून आत येत होता. अर्पिताला तो वास चिकट वाटला, नाकात बसून राहणारा. चार दिवसांपूर्वी जाळून टाकायचा लॉट आज मुंबईला न्यायचा होता. रिपोर्ट तोच होता. तिच्या पोटातलं लेकरूही तेच होतं.

तिचा अंगठा सहज पडद्यावर वर सरकला. त्या दोघांचे लेखी निरोप फार नव्हते. फोनवरच बोलायचे ते. 'हरभरा'च्या वर प्रेमच्या मुलाच्या वाढदिवसाचं आमंत्रण होतं. त्याच्या वर कुठल्याशा गाडीचा फोटो. त्याच्या वर दोन वर्षांपूर्वीची ऑगस्टमधली तारीख.

'तूर,' प्रेमने लिहिलं होतं.

'नक्की?' सागरचा प्रश्न.

'नक्की. गोळ्या पाठवून देतो.'

आणि त्याखाली सागरने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतं.

अर्पिता उभी होती ती पलंगाच्या कडेवर बसली. त्या ऑगस्टमध्ये प्रेम घरी आला होता. थायरॉईड तपासू म्हणून त्याने तिचं रक्त घेतलं होतं. पुढच्या आठवड्यात कौशल्याबाईंनी पांढऱ्या गोळ्या हातावर ठेवल्या. "रक्तवाढीच्या हायेत, गिळू नको, जिभेखाली धर." सहा दिवस ती रक्तात पडून होती. कौशल्याबाई तिच्या कमरेला तेल चोळत आणि म्हणत, "शेडनेटात वाकून वाकून कामं केली तू. म्या सांगत होती." आणि तिने ते खरं मानलं होतं. दोन वर्षं, खाली वाकताना दर वेळी, तिने मनातल्या मनात त्या लेकराची माफी मागितली होती.

त्या तेलकट हातांचा स्पर्श तिला आत्ता कमरेवर जाणवला. पदराने तिने कंबर पुसली, कातडी लाल होईपर्यंत.

सागरच्या लक्षात आलं. तो फोन घ्यायला पुढे झाला, पण त्याआधी तिने ते निरोप स्वतःच्या नंबरावर पाठवले होते.

"तू मारलीस तिले," ती म्हणाली. लग्नाच्या अकरा वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा अरेतुरे केलं.

"हळू बोल. आर्वी बाहेर हाये." त्याने दार लोटलं. "अगं, दोन-दोन पोरी झाल्या असत्या. बाबा काय म्हणले असते? अन् कोण करत नाई सांग? मोठमोठ्या घरचे करतात. तुले तरास नको म्हणून नाई सांगतलं."

"मले तरास नको म्हणून?"

"मंग?" तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच नवल होतं. आपण बायकोची काळजी घेतली, असंच त्याला मनापासून वाटत होतं. अर्पिताला ते सगळ्यांत घाण वाटलं. त्याने खोटं रचलं असतं, हातापाया पडला असता, तरी ती निदान भांडली असती.

त्या रात्री ती आर्वीला कुशीत घेऊन जमिनीवर झोपली. सकाळी सातच्या बसने, शाळेत सोडते म्हणून, मुलीला घेऊन ती बुलढाण्याला निघाली. पिशवीत दोघींचे कपडे आणि दवाखान्याची फाइल, एवढंच होतं.

डॉक्टर मनालींनी मोबाइलवरचे निरोप दोनदा वाचले.

"माझ्या दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "माझ्याच टेबलावर भरली त्याने ती नळी. मी शेजारच्या खोलीत होते."

मग त्यांनी अर्पिताची फाइल उघडली आणि न वाचताच मिटली. अर्पिताला समजलं की त्यांनाही भीती वाटते आहे. तक्रार झाली तर चौकशी त्यांच्याही दारात येणार, नोंदवह्या उघडल्या जाणार, चार लोक चार गोष्टी बोलणार. बाहेर बाकावर पेशंट खोळंबले होते.

"राहू द्या मॅडम," अर्पिता म्हणाली. "मी एकटी जातो."

"नाही," डॉक्टर उठल्या. "एकटी गेलात तर तुम्हालाच उलटे प्रश्न विचारतील. आणि एक ऐका. या कायद्यात बाईला गुन्हेगार धरत नाहीत. घरच्यांनीच भाग पाडलं, असं धरून चालतात. घाबरू नका."

दोघी मिळून जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात गेल्या. अर्पिताने जबाब लिहून दिला. गोळ्यांचा रंग सांगितला, तारीख सांगितली. 'जिभेखाली धर' हे शब्दही तसेच्या तसे सांगितले. तिथल्या नर्सने पाणी आणून दिलं.

तीन दिवसांनी प्रेमच्या घरी पथक गेलं. त्याच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीमागे, रक्ताच्या अकरा नळ्या होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, आणि पट्टीवर निळ्या शाईत एकेका बाईचं नाव. डॉक्टरांनी हे फोनवर सांगितलं, तेव्हा अर्पिता मलकापूरला वडिलांच्या घरी होती. अकरा जणी, ती मोजत राहिली. त्यांतल्या कितीजणींना आपल्या नावाची नळी तिथे आहे, हे माहीत असेल?

तिचे वडील शंकरराव रेल्वेतून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून एकटेच रांधून खात. सगळं ऐकून ते पहिल्यांदा म्हणाले ते असं: "मीच पाह्यलं होतं हे घर तुयासाठी. दोन एकर शेडनेट पाह्यलं अन् हाव म्हणलो." आणि मग त्यांनी गहू निवडायला घेतले. दुसऱ्या दिवशी आर्वीचं नाव जवळच्या शाळेत घालून आले.

सोळा आठवडे झाल्यावर तेच तिला संभाजीनगरला घेऊन गेले. सुई पोटात जाताना अर्पिताने छताकडे बघितलं. दुखलं, पण फार नाही. रिपोर्टला तीन आठवडे लागले.

तेवढ्या दिवसांत सागरचा फोन चार वेळा आला. तिने उचलला नाही. मग त्याने शंकररावांच्या फोनवर केला. स्पीकरवर त्याचा आवाज सगळ्या घरात ऐकू आला.

"मामाजी, रिपोर्ट काय आला तेवढं सांगा. बाबा म्हणतात, पोरगा चांगला असन तं आम्ही इज्जतीनं घेऊन जातो, मागचं सगळं सोडून देतो. खराब असन तं मंग तुम्हीच पाहा काय कराचं ते. आमच्याकडून काई हरकत नाई."

शंकररावांनी फोन बंद केला आणि शर्टाच्या टोकाने पुसला, जणू त्याला काही लागलं होतं.

रिपोर्ट आला. रक्ताच्या तपासणीने सांगितलं होतं ते खरं होतं. एकवीस नंबरचं गुणसूत्र तीन वेळा होतं.

डॉक्टर मनालींनी तिला बसवून पुन्हा सगळं सांगितलं. अजून वेळ होता, दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. अर्पिताने आठ दिवस घेतले. ती मलकापुरातल्या त्या दुकानाकडेही जाऊन आली. गोविंदा दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याची म्हातारी आई गल्ल्याशेजारी बसली होती.

"लई तरास झाला का हो त्याचा?" अर्पिताने विचारलं.

"झाला ना," म्हातारी म्हणाली. "खोटं कशाले सांगू? म्या मेल्यावर याचं कसं, या काळजीनं झोप नाई लागे. आता तो नाई, तरी झोप नाई लागत."

त्यात हो किंवा नाही, असं काहीच नव्हतं. अर्पिताने स्वतःचं स्वतः ठरवलं. घरी येऊन वडिलांना म्हणाली, "अप्पा, मी ठेवतो. तुम्हाले जड जाईन."

"जाईन," शंकरराव म्हणाले. "तू जेवली का?"

मुलगा झाला. हृदयात एक बारीक छिद्र होतं. ते आपोआप बुजेल, नाही बुजलं तर बघू, असं डॉक्टर म्हणाले. त्याचं अंग कापसासारखं सैल होतं. आर्वी त्याची मान सावरायला दोन दिवसांत शिकली.

तो पाच महिन्यांचा असताना बुलढाण्याच्या कोर्टात तारीख होती. प्रेम जामिनावर सुटून आला होता. बोटातल्या अंगठ्या तशाच होत्या. तो दुसऱ्या कुठल्या तरी लॅबचं काम करतो, असं तिच्या कानावर आलं होतं. त्याच्या वकिलाने सांगितलं की ते निरोप शेतमालाच्या भावाविषयी होते आणि गोळ्या पित्ताच्या होत्या. वकील हे गंभीर चेहऱ्याने बोलला. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मग पुढची तारीख पडली.

बाहेर व्हरांड्यात कौशल्याबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. अर्जुनराव आणि सागर खाली झाडाजवळ थांबले होते. वर आले नव्हते. कौशल्याबाईंनी पुढे येऊन बाळाच्या चेहऱ्यावरचं फडकं बाजूला केलं आणि निरखून पाहिलं.

"एवढं काई दिसत नाई तसं," त्या म्हणाल्या. मग हात पुढे केले. "दे जराशीक. आजी हाये मी त्याची."

अर्पिताने त्या हातांकडे पाहिलं. सुरकुतलेले, मिरचीच्या कामाने बोटांची टोकं काळी पडलेली. ती मागे सरकली.

"मले घरात कोण इचारे का काई?" कौशल्याबाईंचा आवाज फुटला. "गोळ्या त्यायनं आणून देल्या, म्या तुले देल्या. म्या काय केलं असतं?"

"मले सांगतलं असतं," अर्पिता म्हणाली.

कौशल्याबाई तोंडाला पदर लावून रडू लागल्या. रडणं खरं होतं, हे अर्पिताला दिसत होतं. तरीही तिला दया आली नाही. तिला फक्त तिथून लवकर दूर जावंसं वाटलं, नाकाशी वास येत राहतो तेव्हा वाटतं तसं.

बसस्टँडवर येऊन तिने एका कोपऱ्यात, खांबाआड, बाळाला पाजायला घेतलं. त्याला ओढायला जोर पुरत नसे. दोन घोट घेई, दमे, थांबे, पुन्हा सुरू करी. अर्धा तास तरी लागायचा. मलकापूरची बस लागली, कंडक्टरने दोनदा हाक मारली आणि बस निघून गेली. पुढची तासाभराने होती. अर्पिता बसून राहिली.